भिंत कधी सोडायची?

गेल्या अंकात या पानाच्या तळाशी चार ओळींची चौकट होती : ‘व्यायाम म्हणून पोहायला सुरुवात करायचीय? प्रश्न पाठवा.’ मला वाटलं, पाच-सहा पत्रं येतील. संपादकांनी पिशवीच हातात ठेवली. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही. बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता, म्हणून त्याला जागा जास्त दिलीय. बाकीच्यांनी रागावू नये.

ओळख म्हणून एवढंच, की मी ठाण्यात मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. मुलांना शिकवणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे येतात ते गुडघा कुरकुरायला लागल्यावर, शुगर निघाल्यावर किंवा नातवंडांनी चिडवल्यावर. मी स्वतः पोहायला शिकले आजोळी, गुहागरकडच्या एका विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. पण ते पोहणं म्हणजे मान वर काढून या काठापासून त्या काठापर्यंत. लग्न होऊन ठाण्याला आले, एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा २५ मीटरच्या तलावात उतरले आणि अर्ध्यातच लेनच्या दोरीला लोंबकळले. तेव्हा पहिल्या पत्रातल्या गृहस्थांचं दुःख मला चांगलं ठाऊक आहे.

प्रश्न : मॅडम, मी कासारवडवलीला राहतो, वय ४३. रोज सात-आठ किलोमीटर चालतो, दहा किलोमीटरची शर्यतही पळालोय. महिन्याभरापूर्वी पोहणं सुरू केलं. हात-पाय मारता येतात, पण २५ मीटरचा एक लॅप झाला की छाती फुटेलसं वाटतं. शेजारच्या लेनमध्ये सत्तरीच्या एक आजी न थांबता वीस लॅप मारतात आणि वर माझी चौकशी करतात. माझा स्टॅमिना कमी आहे का? आमचे सर सांगतात, ‘पाय मारा, जोरात पाय मारा.’

उत्तर : त्या आजींचा स्टॅमिना तुमच्यापेक्षा कमीच असणार, हे मी त्यांना न बघता सांगते. त्यांना श्वास सोडता येतो, तुम्हाला येत नाही. सगळा फरक तिथे आहे.

चालताना-पळताना श्वास आपला आपण चालू असतो, त्याच्याकडे बघावं लागत नाही. पाण्यात चेहरा गेला की मात्र नवा माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे श्वास कोंडतो. गाल फुगवून, डोळे मिटून, तोंड घट्ट. मग दोन-तीन हात मारून मान वळवतो, तेव्हा त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात त्याला दोन कामं करायची असतात : आधीची हवा बाहेर टाकायची आणि नवी आत घ्यायची. दोन्ही होत नाहीत. अर्धी हवा आतच राहते, वर थोडी नवी भरली जाते. असं चार वेळा झालं की छाती भरलेली असते, पण शिळ्या हवेने. आपल्याला ‘आता श्वास हवाच’ अशी जी तगमग होते, ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, प्राणवायू संपला म्हणून नाही. तुम्हाला वाटतं हवा कमी पडतेय. खरं तर वापरलेली हवा बाहेर जात नाहीय.

तेव्हा उद्यापासून लॅप बंद. हो, बंद. छातीइतक्या पाण्यात भिंतीशी उभे राहा, हात भिंतीवर. तोंडाने श्वास घ्या, चेहरा कानापर्यंत पाण्यात घाला आणि ओम् मधला शेवटचा ‘म्’ म्हणा. नुसता मकार, लांबवत. मिटल्या ओठांनी गुणगुणताना हवा नाकाने बाहेर जातच राहते, त्यामुळे नाकात पाणी शिरत नाही, आणि आवाज थांबला की तुमचं तुम्हालाच कळतं की श्वास कोंडला. वर या, तोंडाने चटकन श्वास, पुन्हा खाली. बुडबुडे मंद आचेवर भात शिजतो तसे यायला हवेत, संथ आणि सलग. एकदम भसकन् सगळी हवा सोडून दिली तर नंतर पाण्याखाली नुसतं थांबावं लागतं. चूल फुंकलेल्यांना हे सांगावं लागत नाही, फुंकणीत जशी हवा सोडतो तशी.

आता एक बारीक गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या बॅचमध्ये बघते. माणूस पाण्यातून वर आला की त्याचा हात आपोआप चेहऱ्यावर जातो. कपाळापासून हनुवटीपर्यंत पाणी निपटायचं, नाक चिमटीत धरायचं, केस मागे सारायचे आणि मगच श्वास घ्यायचा. जोवर हात चेहऱ्यावर जातोय तोवर पोहता येणार नाही, कारण पोहताना तो हात मोकळा नसतो. म्हणून माझा नियम : वीस वेळा खाली-वर, एकदाही तोंड न पुसता. पुसलं तर पुन्हा एकपासून मोजायचं. एका बँक मॅनेजरांना या वीसपर्यंत पोचायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी त्यांनी एका दमात आडवा तलाव ओलांडला. त्यांचे हात-पाय आधीचेच होते.

आता तुमच्या सरांचा मान ठेवून पायांबद्दल. माणसाची छाती हवेमुळे तरंगते, पाय जड म्हणून खाली जातात. मधे कुठेतरी तराजूची दांडी आहे असं समजा. डोकं वर काढलंत की दुसऱ्या टोकाचे पाय बुडणारच. मग बुडणारे पाय वर ठेवायला तुम्ही जोरात पाय मारता. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यांत मोठे, त्यांना प्राणवायू लागतो भरपूर, आणि त्या बदल्यात पुढे जायला मिळतं फारच थोडं. पळणाऱ्यांचं तर आणखी वेगळं असतं : तुमचे घोटे कडक, पाऊल काटकोनात, त्यामुळे लाथ बसते ती पाण्याला ब्रेक लावल्यासारखी. डोकं खाली ठेवा, नजर तळाच्या फरशीकडे, थोडी पुढे. पाय कंबरेपासून हलवा, घोटे चिंधीसारखे सैल सोडा, आणि निम्म्या जोराने मारा. श्वास घेताना डोकं वर उचलू नका, बाजूला वळवा, गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर राहील एवढंच.

दोन आठवडे रोज पहिली दहा मिनिटं भिंतीशी मकार. मग भिंतीला पाय लावून ढकलायचं, हात कानांना चिकटवून सरळ, गुणगुणत, जिथवर जाल तिथवर जायचं आणि उभं राहायचं. त्यानंतर अर्धा लॅप, थांबा, श्वास पूर्ववत होऊ द्या, उरलेला अर्धा. मग २५ मीटर आणि अर्धा मिनिट विश्रांती, असं आठ वेळा. थांबण्यात कमीपणा वाटून घेऊ नका, शर्यतीत उतरणारे पोहणारेसुद्धा सराव असाच तुकड्या-तुकड्यांनी करतात. आणि हळू. तुम्हाला लाज वाटेल इतकं हळू.

त्या आजींना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : ताई, पाचपाखाडीत राहते, वय ५२. आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाही, चौपाटीवरसुद्धा. डॉक्टर म्हणतात गुडघ्यांची झीज आहे, वजन न पडता व्यायाम हवा तर पोहा. पण ते कपडे घालून चारचौघांत यायचं कसं? आणि गुडघे असे, पाय कसे मारणार? मला पाण्याची भीतीही वाटते.

उत्तर : कपड्यांचं आधी, कारण खरी अडचण तीच असते हे मला माहीत आहे. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे सर्रास मिळतात. कापड लायक्रा किंवा नायलॉन-पॉलिस्टरचं हवं. सुती सलवार, ओढणी, टी-शर्ट चालत नाही. त्यामागे कुणाचा सोवळेपणा नाही, सुती कापड पाणी पिऊन जड होतं, अंगाला गुंडाळलं जातं आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. बहुतेक ठिकाणी महिलांची वेगळी बॅच असते, ती विचारून घ्या. आणि कोण बघतं याची काळजी सोडा. आमच्या सकाळच्या बॅचमध्ये निम्म्या बायकांना चष्मा काढला की समोर माणूस आहे की खांब तेही कळत नाही. (तुम्हालाही नंबर असेल तर नंबरचे गॉगल तयार मिळतात, ते घ्या. तळ दिसला की भीती निम्मी होते.)

गुडघ्यांचं सांगते. कंबरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचा साधारण निम्माच भार पायांवर येतो, गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून पहिला महिना तुम्ही पोहूच नका, चाला. छातीइतक्या पाण्यात, भिंतीच्या कडेने, पुढे, मागे, आडवं. मागे चालताना मांडीचे स्नायू जे दुखतात ते चांगलं दुखणं. पोहायला लागाल तेव्हा एक लक्षात ठेवा : आपल्याकडे बायकांना पहिल्यांदा ब्रेस्टस्ट्रोक शिकवायची पद्धत आहे, बेडकासारखे पाय. तुम्ही तो प्रकार मागू नका. त्या झटक्यात गुडघ्याच्या आतल्या बाजूला पीळ बसतो, नियमित ब्रेस्टस्ट्रोक मारणाऱ्या तरुण मुलांचेही गुडघे त्याने दुखतात. तुमच्यासाठी उताणं पोहणं आणि फ्रीस्टाइल, पाय हलके, किंवा मांड्यांत पुल बॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा, धरून नुसते हात. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखालचं अंग गेलेले आपले मुरलीकांत पेटकर हातांच्या जोरावर पोहले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. तुमच्याकडे दोन गुडघे आहेत, कुरकुरणारे का असेनात.

भीतीबद्दल घरातली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या जावेला एका तलावावर (नाव घेत नाही) तिथल्या शिक्षकाने तिसऱ्या दिवशी ‘भीती अशीच मोडते’ म्हणत खोल पाण्यात ढकललं. दोन गटांगळ्या खाल्ल्या, लगेच बाहेर काढलं, इजा काही झाली नाही. पण त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आम्ही सगळे काशीदला समुद्रात असतो तेव्हा ती वाळूवर आमच्या चपला राखत बसते. विहिरीत मुलांना ढकलत, हे खरं, मलाही मामाने ढकललं होतं. पण पाठीला भोपळा होता आणि पाण्यात आधीच दोन मामा उभे होते. तुम्हाला कुणी ढकलायची भाषा केली तर त्याच पावली बाहेर या आणि दुसरा शिक्षक बघा. पहिल्या आठवड्यात शिक्षकाने तुमच्याबरोबर पाण्यात उतरायला हवं, काठावरून शिट्टी वाजवून चालायचं नाही.

राहता राहिली ती शॉवर ते तलाव यांच्यामधली ओली फरशी. तुमच्या वयाच्या बाईला तलावापेक्षा ती जास्त घातक. रबरी तळाची चप्पल, आणि घाई नाही.

प्रश्न : कोपरखैरणे, वय २९, ऐरोलीत आयटीमध्ये आहे, दिवसभर बसून काम. वजन ८४ किलो. पोहण्याने किती दिवसांत कमी होईल? आठवड्याला किती वेळ द्यावा? आणि मे महिन्यात सुट्टी घेऊन बॅच लावू का?

उत्तर : शेवटचं आधी : मे महिन्यात अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये ठाणे काय नि वाशी काय, तलावांवर सुट्टीतल्या मुलांची जत्रा असते. एका लेनमध्ये बारा जण, शिक्षकाला तुमचं नाव पाठ होईपर्यंत महिना संपतो. शाळा सुरू झाल्या की जूनच्या मध्यापासून पाणी रिकामं होतं, तेव्हा या. पावसात पोहायला काही हरकत नाही. विजा कडाडायला लागल्या की मात्र लगेच बाहेर.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. तुम्ही तीन दिवस पोहायचं, पाऊण-पाऊण तास, आणि बाकीचे दोन दिवस चालायचं. चालणं सोडू नका. पाण्यात हाडांवर भार येत नाही, हे गुडघ्याला बरं पण हाडांना तेवढंच बरं नाही, त्यांना जमीन लागते.

वजनाचं खरं सांगू? ७० किलोचा माणूस अर्धा तास बेताने सलग पोहला तर सुमारे २०० कॅलरी खर्च होतात. तुमचं वजन जास्त म्हणून थोड्या अधिक धरा. पण ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. पहिले दोन महिने तुमच्या पाऊण तासातली निम्मी मिनिटं भिंतीला धरून जाणार. शिवाय गार पाण्यातून बाहेर आलं की जी भूक लागते ती पळून आल्यावरही लागत नाही. आमची एक बॅच शनिवारी पोहून थेट मामलेदारला मिसळ खायला जायची, वर जादा पाव. वर्षभरात त्यांचा दम वाढला, झोप सुधारली, आणि वजनाचा काटा होता तिथेच राहिला. मिसळ खाऊ नका असं मी म्हणणार नाही, मीच त्यांच्याबरोबर असायचे. पण वजन ताटातून कमी होतं, तलावातून त्याला मदत होते. पोहायच्या आधी तासभर एखादं केळं आणि नंतर घरचं जेवण, एवढं जमवा. कंबर आधी कमी होते, काटा नंतर हलतो.

पाण्यात नाडी जमिनीपेक्षा थोडी मंद चालते, अंग आडवं असतं, पाण्याचा दाब असतो, गारवा असतो. त्यामुळे घड्याळातला आकडा बघून ‘आज मेहनत झालीच नाही’ असं वाटून घेऊ नका.

काही छोटे प्रश्न, एकत्र.

*कानात पाणी जाऊन दडा बसतो.* (तिघांनी विचारलंय.) डोकं त्या बाजूला कलवून एका पायावर उड्या मारा, कानाची पाळी हलकेच ओढा, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा. बड, काडी, कोमट तेल, काही आत घालायचं नाही. आत ओरखडा उठला की तिथेच बुरशी धरते, आणि आपल्या दमट हवेत तर फारच. कधी कान फुटला असेल, पडद्याला भोक असेल, तर कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.

*क्लोरिनचा उग्र वास येतो, म्हणजे औषध जास्त टाकतात ना?* बहुतेक वेळा नाही. क्लोरिनची घामाशी, तेलाशी आणि लघवीशी गाठ पडली की जी द्रव्यं तयार होतात त्यांचा तो वास. डोळेही त्यांनीच चुरचुरतात. ‘आंघोळ करून उतरा’ ही पाटी वाचायची नसते, पाळायची असते. केसांना तेल चोपडून येणाऱ्यांनाही तेच सांगणं. केस आधी साध्या पाण्याने निथळ ओले करा आणि मग टोपी घाला. ओला केस तलावाचं पाणी कमी पितो.

*पाळीच्या दिवसांत?* मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरता येत असेल तर खुशाल पोहा. पॅडचा पाण्यात उपयोग नाही. नको वाटत असेल तर चार दिवस सुट्टी घ्या, कुणाला कारण सांगायची गरज नाही. मी शिक्षिका म्हणून कधी विचारत नाही.

प्रश्न : ठाणे पूर्व, कोपरी. वय ६१, निवृत्त. दहा वर्षं मधुमेह, गोळ्या चालू आहेत, बीपीचीही एक गोळी आहे. मुलगा म्हणतो पोहा, बायको म्हणते नको. कोणाचं ऐकू?

उत्तर : डॉक्टरांचं. तलावाच्या फॉर्मबरोबर डॉक्टरांचा दाखला मागतात, तो गल्लीतल्या ओळखीच्या दवाखान्यातून सही मारून आणू नका. तुमचा मधुमेह ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जा, ईसीजी किंवा ट्रेडमिलची तपासणी लागेल का ते विचारा, आणि तुमच्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते का हेही. सगळ्याच गोळ्यांनी तसं होत नाही, इन्शुलिन आणि काही गोळ्यांनी होतं. साखर उतरल्याची पहिली खूण म्हणजे घाम आणि थरथर. पाण्यात घाम कळत नाही आणि थरथर थंडीची वाटते, म्हणून सांगते.

उतरण्यापूर्वी साखर तपासा, १००च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. काठावर टॉवेलशेजारी ग्लुकोजची पुडी ठेवा, घरी विसरलात तर त्या दिवशी पोहू नका. जीवरक्षकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, ‘मला शुगर आहे’, लाजू नका. रोज घरी गेल्यावर तळपाय आरशात बघा, कारण फरशीची बारीक चीर तुम्हाला जाणवेलच असं नाही. बीपीच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम मंद ठेवतात, तेव्हा नाडी मोजून जोर ठरवू नका. दोन शब्द बोलता येतील इतक्याच दमाने पोहा. छातीत दाटलं, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ गेली, तर ‘एवढा लॅप संपवतो’ नाही. तिथेच थांबायचं आणि हाक मारायची.

आणि वहिनींना बरोबर घेऊन या. ‘नको’ म्हणणाऱ्या बायका काठावर दोन दिवस बसल्या की तिसऱ्या दिवशी कॉस्च्यूमची किंमत विचारतात.

प्रश्न : मी बेलापूरला कॉलेजला आहे. सहा महिन्यांत चांगलं पोहायला शिकलो, ४०० मीटर न थांबता जातो. या पावसाळ्यात आमचा ग्रुप खारघरच्या पांडवकडा धबधब्याला जायचं म्हणतोय, काही जणांना पोहता येत नाही, मी असल्यावर प्रॉब्लेम नाही ना? शिवाय आमच्यात बुडी मारून जास्त वेळ कोण राहतो अशी पैज लागते, त्यात दम कसा वाढवायचा?

उत्तर : बाळा, प्रॉब्लेम आहे, आणि तो तूच आहेस. पट्टीचे पोहणारेच बुडतात ही म्हण उगीच पडलेली नाही. तलावात पाणी स्थिर, तळ दिसतो, चार हातांवर भिंत. धबधब्याच्या डोहात वरून पाणी कोसळतं, फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने माणूस नीट तरंगत नाही, खाली कपारी असतात ज्यांत पाय अडकतो, आणि डोंगरावर पाऊस झाला की पाणी काही मिनिटांत चढतं. तुझे ४०० मीटर तिथे चार मीटरसुद्धा नाहीत. पांडवकड्यावर माणसं गेलीत म्हणूनच तिथे पावसाळ्यात बंदी घालतात. येऊरचे ओढे, उपवनचं तळं, कुठलंही तळं, सगळ्यांना हेच.

बुडणाऱ्याच्या मागे उडी मारायची नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघं जातात. काठावर पालथं झोपून काठी दे, ओढणी दे, दोर फेक, काही नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन फेक. माझा भोपळा तोच होता.

पैजेचा दम मी वाढवून देणार नाही. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग वर यायची तगमग वेळेवर होतच नाही आणि माणूस पाण्याखाली शुद्ध हरपतो. आरडाओरडा नाही, हातपाय झाडणं नाही, बाहेरच्यांना वाटतं हा जिंकतोय.

प्रश्न : नेरूळ. वय ३८. तीन आठवडे झाले, बुडबुडे येतात, तरंगताही येतं, पण भिंत सोडायची हिंमत होत नाही. भिंत कधी सोडायची?

उत्तर : सोडायची नाही, निसटू द्यायची. उद्या छातीइतक्याच पाण्यात भिंत पाच बोटांनी धरा आणि पाय मागे तरंगू द्या. परवा तीन बोटांनी. मग नुसतं मधलं बोट काठाला टेकवून, चेहरा पाण्यात, मकार चालू. आमच्याकडे एक शिक्षिका आहेत, शाळेत गणित शिकवतात, त्या सहा दिवस त्या एका बोटावर होत्या. सातव्या दिवशी मी शेजारी उभी होते, बघत होते. त्यांचं बोट काठावरून निसटलं, दोन इंच, मग वीतभर, आणि त्या तशाच गुणगुणत राहिल्या. वर आल्यावर मला म्हणाल्या, ‘आज जमलंच नाही, बोट सारखं घसरत होतं.’

मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हटलं, पुन्हा करा.